गोलात आज कोणाचा नंबर

पोराचं नाव घालायला आलात ना? बसा. त्या कडेला नको, तिथे खिळा वर आलाय. ऑफिस-बिफिस काही नाही क्लबाला. हा बाक, ती पाण्याची टाकी आणि तो शिट्टीवाला माणूस, झाला क्लब. शिट्टीवाले म्हणजे आमचे हे. मी त्यांची बायको. मुलांच्या जर्सी मी धुते, पाणी मी भरते आणि भांडायची वेळ आली की तेही मीच करते, कारण ह्यांना भांडता येत नाही. लग्न झाल्यापासून बघतेय, आवाज म्हणून चढत नाही या माणसाचा.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या पोटात, कपड्यांना ग्रीस, कोपरं सोललेली. कुणी अडकलं की फोन येतो आणि भरल्या ताटावरून उठावं लागतं. एवढं करून माणूस संध्याकाळी घरी पाय पसरून बसेल की नाही? छे. उभ्या-उभ्या चहा ढोसायचा, फुटबॉलची जाळी खांद्यावर टाकायची आणि मैदान गाठायचं. लहानपणी ह्यांना कोणी खेळायला घेतलंच नाही. अंगानं काटकुळे, वर जाड चष्मा. मोठी मुलं झुडपात गेलेला चेंडू आणायला पिटाळायची, तेवढाच काय तो खेळ. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, सासूबाईंनी सांगितलं. म्हणून क्लब काढला तेव्हा ह्यांनी नियम केला, तो आजही आहे. प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात खेळणार. आणि गोलात उभं राहायचा नंबर सगळ्यांचा लागणार, एका हाफला एक मूल. उंच असो, बुटकं असो, चेंडू आला की डोळे मिटणारं असो. जिंकत असलो तरी आणि हरत असलो तरी.

नाव घालताना आईबाप माना डोलावतात. "वा, असाच क्लब हवा होता." आणि पहिल्या सामन्याला तेच आईबाप रेषेवर उभे राहून घसा फाडतात. हे सांगतात पास दे, बाप ओरडतो सरळ मार. पोर मध्येच थबकतं, बापाकडे बघतं, तोवर चेंडू गेलेला. मग त्यालाच विचारायचं, लक्ष कुठे होतं तुझं? तुझ्याकडेच होतं रे बाबा, आणखी कुठे असणार?

सगळ्यांत मोठा घसा टायरवाल्याचा. तो बघा, लाल टोपीवाला. चौकात टायरचं दुकान आहे त्याचं. माणूस वाईट नाही, खोटं कशाला बोलू, गोलाच्या जाळ्या त्यानंच आणून दिल्या. पण मुलगा चांगला खेळतो ना, मग मैदान आपल्या तीर्थरूपांचं असल्यासारखा वागायचा.

आणि ती टाकीजवळची मुलगी दिसतेय, मोजे खाली घसरलेली? ती पिटुकली. तिची आई नर्स आहे, ड्युटीवरून धावतपळत आणून सोडते. मागच्या सीझनचा शेवटचा सामना होता. जिंकलो तर कप. आणि दुसऱ्या हाफला गोलात नंबर होता पिटुकलीचा. पोरगी आठवडाभर घरी आईला उशा फेकायला लावून पकडत होती. आईला नेमकी त्या दिवशी ड्युटी. "काकू, तुमच्या भरवशावर सोडतेय," म्हणून गेली.

हाफ टाइमला ह्यांचा फोन वाजला. एक म्हातारे गृहस्थ लिफ्टमध्ये अडकलेले, त्यांना धाप लागलेली. जायलाच हवं होतं. ह्यांनी पिटुकलीला आपल्या हातानं ग्लोव्ह्ज चढवले, मनगटाचे पट्टे आवळले, शिट्टी टायरवाल्याकडे दिली आणि म्हणाले, "गोलात हिचा नंबर. बाकी चाललंय तसं चालू दे."

ह्यांची स्कूटर वळते न वळते तोच टायरवाला तिच्याजवळ गेला. अगदी गोडीगुलाबीनं हं. "बेटा, आजचा सामना महत्त्वाचा आहे ना? तू पुढच्या वेळी उभी राहा. ग्लोव्ह्ज दे बघू दादाला." दादा म्हणजे त्याचाच मुलगा. तिनं दिले. एवढ्या मोठ्या माणसानं मागितल्यावर ती काय करणार?

मी म्हटलं, "नंबर तिचा आहे. हे सांगून गेलेत."

टायरवाला हसला. "वहिनी, तुम्ही पाण्याचं बघा."

मी बाकीच्या आईबापांकडे वळले. एकानं बुटाची नाडी सोडून परत बांधायला घेतली. एकीला अचानक कुणाला तरी फोन करायचं आठवलं. पोरं आमची, मैदान आमचं, आणि सगळे मूग गिळून गप्प. टायरवाल्यापेक्षा मला या आईबापांचा जास्त संताप आला, आजही येतो. मी ग्लोव्ह्ज हिसकावायला निघाले तोवर खेळ सुरू झाला होता, आणि पिटुकली बाकावर.

जिंकलो. नाचले सगळे. फोटोला पिटुकलीला पुढे बसवलं आणि कप तिच्याच मांडीवर ठेवला, का तर लहान आहे, गोड दिसते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे परत आले तेव्हा तिचे हात कोरडे आणि गुडघे स्वच्छ होते. ह्यांनी ते पाहिलं. तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "चुकलं आमचं." ती म्हणाली, "काका, आपण जिंकलो ना."

त्यानंतर ती आलीच नाही. एके दिवशी नर्स दारात उभी, हातात धुऊन घडी केलेली जर्सी. "म्हणते, मी गोलात नसले की सगळे जिंकतात. मग मी कशाला जाऊ?"

माझं टाळकं फिरलं. चप्पल पायात सरकवून मी थेट टायरच्या दुकानाकडे निघाले होते. ह्यांनी दारात अडवलं. "तू भांडल्यानं ती परत येईल का?"

"मग काय हार घालू त्याच्या गळ्यात?"

ह्यांनी ती जर्सी खुंटीला अडकवली. म्हटलं, बसा आता तोंड शिवून. पण नव्या सीझनच्या पहिल्या सामन्याला ह्यांनी मुलांना गोळा केलं आणि विचारलं, "गोलात कोणाचा नंबर राहिलाय?"

"पिटुकलीचा."

"ती आलेली नाही. मग काय करायचं? तुम्ही सांगा."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग टायरवाल्याचा मुलगा म्हणाला, "मी तिचे ग्लोव्ह्ज घातले होते. मी नाही उभा राहणार." त्याच्यामागून कोणीच तयार होईना.

ह्यांनी ग्लोव्ह्ज गोलाच्या खांबाला अडकवले आणि गोल मोकळा ठेवला. पंच म्हणजे समोरच्या क्लबातलेच एक काका, त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. आम्ही सपाटून हरलो. मग सुटली एकेकाची जीभ. तेव्हा नाडी बांधणाराही बोलला, फोनवालीही बोलली. पोरीची बाजू घ्यायला वाचा नव्हती, आता मात्र धबधबा. दोघांनी आपली मुलं काढून नेली. टायरवाला ह्यांच्या तोंडावर म्हणाला, "एका पोरीपायी अख्ख्या क्लबाचं वाटोळं करताय."

हे म्हणाले, "तिचा नंबर झाला की पुढचा उभा राहील. तिला आणायचं कसं ते तुम्ही बघा." आवाज तोच, नेहमीचा. मला तर वाटलं, आता गेला क्लब, आणि जाऊ दे गेला तर.

पुढच्याही सामन्याला गोल मोकळा. टायरवाल्याचा मुलगा त्या दिवशी घरी जाताना बापाच्या गाडीत बसेना, चालत गेला. त्या संध्याकाळी टायरवाला नर्सच्या दारात जाऊन उभा राहिला. नर्सनंच नंतर मला सांगितलं. पिटुकली आईच्या मागून डोकावली आणि तिनं त्याला विचारलं, "मी उभी राहिले आणि हरलो, तर चालेल?" त्यानं टोपी काढली. एवढ्याशा पोरीला "चालेल" म्हणायला बाप्याची जीभ जड झाली होती बघा. शेवटी म्हणाला एकदाचा.

ती आली. ह्यांनी खांबावरचे ग्लोव्ह्ज काढून परत पट्टे आवळून दिले. गोल तर धडाधड झाले. एक अडवला, तोही पोटावर आदळला म्हणून. दर गोलाला टायरवाल्याचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. आम्ही हरलो. पिटुकली धावत आली, दातांनी पट्टे सोडवले, ग्लोव्ह्ज ह्यांच्या हातात कोंबले आणि विचारलं, "आता कोणाचा नंबर?" हे चष्मा पुसत बसले. घाम आला म्हणे.

तर असा आहे आमचा क्लब. कप हवा असेल तर गावात दुसरे क्लब पुष्कळ आहेत. इथे नाव घातलंत तर तुमचं पोर गोल खाणार, चारचौघांत खाणार, आणि तुम्ही इथे बसून ते बघायचं. आणि दुसऱ्याच्या पोराचा नंबर कोणी मारत असेल, तर नाडी बांधायला वाकायचं नाही. तेवढं जमत असेल तर घाला नाव.

थांबा, हाफ टाइम झाला, पाणी द्यायचंय. बघा, लाल टोपी आलीच पुढे ग्लास घेऊन. "वहिनी, जरा पाणी."

"आधी मुलं. रांगेत उभे राहा, नंबर आला की मिळेल."

राहिला बघा उभा, पिटुकलीच्या मागे.