चार मग पाणी

टाकीतलं दोनी एंजल मासं पान सोडून वर आलं हुतं. तोंड पाण्याच्या वर काढून पच पच करत हुतं, आन् राम मासा खाली वाळूवर आडवा पडलेला, त्याचा एक कल्ला उघडाच ऱ्हायलेला. मी पलंगावरनं उतरले. बाळंतिणीनं आसं उतरू नये, कानाचा रुमाल सुटू देऊ नये, ते काय ध्यानात आलं न्हाई. मला एवढंच दिसलं की खोली धुरानं भरलीया आन् हवेची मोटर चालू हाय. पैला मोटरीचा प्लग वढला. मग टाकीचं झाकण काढलं. मग दाराआडच्या बॅरलातनं मगानं पाणी घेऊन वतलं. एक, दोन, तीन, चार.

चौथ्या मगाला मला कळलं की खोलीत आजून कोणतरी हाय आन् ते रडत न्हाई.

हितं जरा थांबते, कारण मागचं सांगितल्याबिगर तुमाला कळायचं न्हाई.

आमी सांगलीत ऱ्हातो, विश्रामबागला, दोन खोल्या हायत. हे साखर कारखान्यावर शिफ्टला. लग्नाला तीन वर्सं झाली तरी पाळणा हलंना, लोकं लय बोलायची, तवा ह्यांनी ही टाकी आणली. म्हणले, घरात कायतरी हालतं-डुलतं आसूदे. मी सातवीपातूर शिकलेली, मला माशाचं काय कळतंय. पण दुकानदारानं सांगितलेलं समदं ध्यानात ठिवलं. ही मासळी लांबची, दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या नदीची, तिथलं पाणी मऊ आन् चहाच्या रंगाचं आसतंय म्हणं. म्हणून मी रस्त्याकडंच्या देशी बदामाची वाळकी पानं येचून आणून टाकीत सोडायची. नळाचं पाणी दोन दिस बॅरलात ठिवायची, औषधाचा वास जायला. आन् झाडं दाट लावायची. दुकानदार म्हणला, "वैनी, ह्या जातीला आपला-आपला कोपरा लागतोय. एकमेकाला दिसलं की भांडत्यात. मधी झाडं घाला, गुण्यागोविंदानं ऱ्हात्यात." मी म्हणलं, आमच्या वडूजकडं जावाजावात भिंत घालत्यात ती ह्याच्यासाठीच.

एंजल म्हंजी चपटा, ताटलीसारखा, पंख लांब. त्याची जोडी हुती. आन् एक बारका रंगीत, त्याला दुकानदार रॅम म्हणायचा, आमी राम म्हणायचो. आई माझी आली तवा म्हणली, "आगं, माशाला देवाचं नाव ठिवत्यात व्हय?" मी म्हणलं, दुकानातनंच आलंय ते नाव. तर म्हणली, "आसूदे. येता-जाता नाव घेतल्यासारखं हुतंय तेवढंच."

आई आली कारण बाळ दीड महिना आधी झालं. पैलं बाळंतपण म्हायेरात व्हायचं, पण डॉक्टर म्हणले प्रवास नको, म्हणून आईच वडूजवरनं आली. अकरा दिस बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत हुतं. पेटीला बाजूला गोल भोक, त्यातनं हात घालायचा. मी रोज उभी ऱ्हाऊन बघायची, पोट हालतंय का, हालतंय का. घरी आले तरी डोळ्याची ती सवय गेली न्हाई. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, टोपी कपाळापातूर, त्याचं मला काय दिसायचं न्हाई. पलंगासमोर टाकी हुती. काचंतलं दिसायचं.

आन् त्याच टायमाला एंजलनं रुंद पानावर अंडी घातली हुती. आधी तीन बारी घातलेली, तिन्ही बारी आई-बापानंच खाल्ली. कोण एकदम जवळ आलं, लाईट लागली, की भिऊन खात्यात म्हणं. ह्या बारीला मी कुणाला टाकीजवळ येऊ दिलं न्हाई. पोरं बाहेर आली, शेपट्या हालवत पानालाच चिकटून ऱ्हायली. एखादं खाली पडलं की त्यांची आई त्याला तोंडात घ्यायची. पैल्यांदा बघिटलं तवा वाटलं गिळलं. पण तिनं ते परत पानावर नेऊन थुकलं. मी मनात बांधून टाकलं की ही जगली तर माझंबी जगंल. कुणाला बोलले न्हाई. आसलं बोलायचं नसतंय.

डॉक्टरनी सोडताना सांगितलं हुतं, धुरी न्हाई, शेगडी न्हाई. मी मान हालवली. घरी आल्यावर आई म्हणली, "डॉक्टरला काय जातंय सांगायला. तुला धुरीवरच वाढीवलीया मी." थंडी लय पडलेली. बाळाच्या छातीत घरघर वाजायची. मी दोन दिस न्हाई म्हणलं, तिसऱ्या दिशी गप बसले. दमलेवते, खरं सांगते. रात-रात जाग, आन् दिसा आईसंगं वाद घालायला अंगात जीवच न्हवता.

दुकानदारानं एक सांगितलेलं मला चांगलं ठावं हुतं. हवेची मोटर खोलीतलीच हवा वढून पाण्यात सोडती, म्हणून खोलीत डासाची कांडी लावू नका, मासं मरतील. दोन वर्सं आमी कांडी लावली न्हाई, डास चावून घेतलं. पण कांडी म्हंजी विष आन् धुरी म्हंजी औषध, आसंच माझ्या डोस्क्यात बसलेलं. आईनं घमेल्यात गवरीचा विस्तू घेतला, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं, लिंबाचा पाला. खिडक्या बंद. बाळाला धुरावरनं फिरवून पलंगावर ठिवलं आन् म्हणली, "मी न्हाणी धुते, तू पड जरा." घमेलं तिथंच. मी पडले. डोळा लागला का न्हाई ते बी सांगता येत न्हाई. डोळं उघाडलं तर एंजल वर आलं हुतं.

तर चौथा मग. मग हातातनं पडला. बाळाची टोपी वर केली तर व्हटाला रंग न्हवता. उचललं आन् तशीच गॅलरीत पळाले. मागनं आई वरडली, "आगं ये बये, गारठ्यात कुटं काढलंस त्याला?" मी तिला काय बोलले आठवत न्हाई. शेजारच्या दादांनी रिक्षा काढली. दवाखान्यात येईपातूर मी बाळाच्या नाकाला बोट लावून बसलेवते. वारा लागायचा, पण बोटाला कळायचं न्हाई कुणाचा, रिक्षाचा का त्याचा.

परत काचेची पेटी. एक रात, एक दिस. डॉक्टर मला रागं भरले न्हाईत, त्याचंच जास्ती लागलं. "येळंत आणलंत," म्हणले. "कळलं कसं तुमाला?" मी म्हणलं, माशामुळं.

बाळ घरी आलं. राम मेलेला, ह्यांनी आधीच काढून कुंडीत पुरला हुता. एंजलची जोडी जगली. पान मातूर साफ, एक पोर न्हाई. धुरानं मेली का भिऊन खाल्ली, कुणाला ठावं. दोघं त्याच पानाजवळ उभी, पंखांनी रिकाम्या पानाला वारा घालत. दोन दिस घालत हुती.

त्या दिसापासनं घरात एकच गोष्ट चालती. हे कारखान्यात सांगत्यात, मासळीनं पोर वाचवलं. आई गावात सांगती. टाकीजवळनं जाताना ती हात जोडती, आन् धुरीचं नाव काढत न्हाई. मला म्हणली, "तुझी नजर लय तेज गं, म्हणून निभावलं." मी पोळी लाटत हुते, लाटतच ऱ्हायले.

कारण त्यांना मगाचं ठावं न्हाई. प्लग, झाकण आन् चार मग. तेवढ्या येळात मी दोनदा गॅलरीत जाऊन आले आसते. माझं लेकरू दोन हातावर हुतं आन् मी माशाला पाणी वतत हुते.

आता ते आठ म्हैन्याचं झालंय. टाकीच्या काचंवर थापा मारतंय, एंजल त्याच्या हातामागं फिरत्यात. त्यांनी परत अंडी घातल्यात. आजूनबी बाळ झोपलं की मी पैली टाकीकडं बघते, मग त्याच्याकडं. सवय मोडायला बघते, मोडत न्हाई, आन् आता त्याचाबी कटाळा आलाय.

ह्यांना सांगावं आसं रोज वाटतंय. शिफ्टवरनं येत्यात, बाळाला खांद्यावर घेत्यात, टाकीपुढं नेऊन म्हणत्यात, "बघ, ह्यांनी तुला वाचवलं." तवा माझं तोंड मिटतंय.

तुमी वाचताय, तुमीच सांगा. धुरात डोळं उघाडल्यावर तुमचा हात पैला कुटं गेला आसता? आन् माझ्यासारखाच गेला आसता, तर तुमी ते घरात सांगितलं आसतं का?