आजीच्या पदरातला प्लास्टिकचा तांदूळ

ती घटना आठवली की आजही आधी माझ्या टेबलाचा खण डोळ्यांसमोर येतो. भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात धावड्याकडच्या एक आजी आत आल्या आणि पदराची गाठ सोडून त्यांनी मूठभर तांदूळ माझ्यापुढे ओतला.

"साहेब, रेशनवाला प्लास्टिकचा तांदूळ मिसळून राह्यला. येक येक दाणा येचून आणलाय. जल्दी लिहून घ्या."

दाणे जरा पिवळट, गुळगुळीत आणि सगळे एका मापाचे. चौकशी करतो म्हणून मी आजींची बोळवण केली, दाणे कागदाच्या पुडीत बांधले आणि खणात टाकले. खरं सांगतो, चौकशी मी केलीच नाही.

पुढच्याच महिन्यात आजींचं गाव मोर्चा घेऊन तहसीलवर गेलं. रेशनचा तांदूळ आलाच नव्हता, आणि माल मिळाल्याच्या पावतीवर दुकानदाराची सही होती. त्या दिवसांत परदेशातून आपल्या तांदळाला जोरात मागणी होती, त्यामुळे बाजारात भाव चढले होते. आमचा मुलूख ज्वारी-मक्याचा, भात पिकत नाही. गरिबाघरची खिचडी रेशनच्या तांदळावरच शिजते. लोक चवताळले होते. गुन्हा दाखल झाला आणि मी दुकानदाराला अटक केली.

"सही माझीच हाय," तो म्हणाला. "गाडीवाला म्हणला, गाडी बिघडली, माल उद्या टाकतो, सही आजच द्या. आमचं नेहमी असंच चालतंय, साहेब. मंग उद्याला माल आलाच न्हाई."

वीस वर्षं दुकान चालवणारा माणूस माल न बघता सही करतो, हे मला पटेना. मी आवाज चढवला. तो खाली बघत एवढंच म्हणाला, "पोरीचं लग्न जमलंय. चोर म्हणून पेपरात नाव येऊ देऊ नका." मला वाटलं, नाटक करतोय.

तिसऱ्या दिवशी खबर आली. जालना रस्त्यावरच्या एका गोदामात रेशनचा तांदूळ नव्या पोत्यांत भरला जातोय आणि दुपारी बंदराकडे निघणार आहे. पुरवठा निरीक्षक आणि दोन पंच घेऊन आम्ही छापा घातला. व्यापारी बिलकुल घाबरला नाही. उलट त्याने आमच्यासाठी चहा मागवला. "मिलचा माल आहे साहेब, निर्यातीचा. ही बिलं बघा." बिलं बराबर होती आणि सरकारी पोतं एकही सापडलं नाही.

निरीक्षकांनी मूठभर तांदूळ हातावर घेतला. "सरकारी तांदळात पोषणासाठी लोह घालून बनवलेले दाणे मिसळतात, शंभरात एखादा. ते सापडले तर हा माल रेशनचा. पण जरा पिवळट, एका मापाचे असतात एवढीच खूण. माझ्या चष्म्याला काही ते दिसायचे नाहीत."

माझे कान गरम झाले. मी एका शिपायाला खणातली पुडी आणायला धाडलं आणि महिला शिपायाला जीप देऊन धावड्याला, आजींना आणायला.

आजी आल्या त्या स्वतःचं सूप काखेत मारून. पंचांसमोर फतकल घालून बसल्या, तांदूळ पाखडला आणि बोटं चालू लागली. बघता बघता कागदावर दाण्यांची लहानशी रास झाली. आजींनी मान वर केली.

"ह्यो तर आमचाच प्लास्टिक! हितं कसा आल्ता?"

शेजारी मी पुडी उघडली. दाण्याला दाणा जुळत होता. व्यापाऱ्याने हातातला कप खाली ठेवला. आम्ही नमुने सील केले, माल जप्त केला. प्रयोगशाळेचा अहवालही पुढे तसाच आला. संध्याकाळी गाडीवाला सापडला आणि त्याने सगळं कबूल केलं. माल वाटेतच या गोदामात उतरला होता, दुकानदाराची सही त्याने विश्वासावर काढून घेतली होती.

आजींना मी सांगितलं, की हे प्लास्टिक नाही, रक्त वाढवणारे दाणे आहेत. त्यांनी सूप झटकून काखेत मारलं.

"म्हंजे इतके दिवस म्या औषध कोंबड्यांना टाकून राह्यले. तरीच माजल्यात मेल्या."

न्यायालयाला अहवाल देऊन मी दुकानदाराला सोडवलं आणि ठाण्याच्या पायरीवर त्याची माफी मागितली. अंगावर वर्दी असताना मी मागितलेली ती एकच माफी. आजी फाटकाशी उभ्या होत्या. "चल घरी," त्या त्याला म्हणाल्या, "आन् पुन्यांदा माल न बघता सही केलीस, तर म्याच तुला धरून आणीन." तो तेव्हा रडला. पोरीचं लग्न ठरल्या तिथेच झालं. मी जेवायला गेलो होतो.

त्याला मी बोल लावत होतो, की न बघता सही केली. मी तरी काय केलं होतं? आजींचा समज चुकीचा होता, पण नजर पक्की होती, आणि मी समजाला हसून नजरही खणात कोंडली. ती पुडी पहिल्याच दिवशी कुणाला दाखवली असती, तर रेशनच्या तांदळाची खूण मला तेव्हाच कळली असती, मी आधी माल शोधला असता आणि तो माणूस तीन दिवस कोठडीत बसला नसता. हे मला अजून टोचतं.

माझ्या निरोप समारंभाला आजी आल्या होत्या. हातात स्टीलचा छोटा डबा होता, त्यात तेच वेचलेले दाणे.

"कोंबड्यांचं बंद केलं आता," त्या म्हणाल्या. "तुमी खा साहेब, रक्ताला बरं. फकस्त खणात टाकू नका."