माह्याकडे, तुह्याकडे

गाडी चालवायची ह्यांनी आणि झाडाखाली डबा घेऊन बसायचं मी, ही वाटणी आमच्या घरात लग्नापासूनची. हिवाळा सरत आला की रायपूरच्या हौशी लोकांची जंगलातली मोटार रॅली निघायची, महानदी ओलांडून सालवनाच्या कच्च्या रस्त्यांनी. हे सिंचन खात्यातली नोकरी सांभाळून दरवर्षी त्यात भाग घ्यायचे. लोकांना वाटतं, रॅली म्हणजे गाडी उधळायची. तसं काही नसतं. नेमून दिलेल्या वेगानं, नेमून दिलेल्या वाटेनं जायचं. उशिरा पोचलात तर गुण कापतात, आणि लवकर पोचलात तरी कापतात. ज्या माणसानं मला प्रत्येक लग्नात मांडव घालणाऱ्यांच्याही आधी नेऊन बसवलं, त्याला लवकर पोचल्याची शिक्षा होताना पाहून मला मनापासून बरं वाटायचं.

मग दोन वर्षांपूर्वी ह्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, पाय जेमतेम वाचला आणि जीभ जड झाली. पाय सुधारला, हात थोडा सुधारला. बोलणंही येत होतं हळूहळू, पण मध्येच पंडरीच्या कापडबाजारातलं ते दुकान आलं.

शर्टाचं कापड घ्यायला गेलो होतो. ह्यांना निळं मागायचं होतं, तोंडातून 'दूध' आलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा दूधच. दुकानदार हसला नाही हो. हसला असता तर परवडलं असतं. त्यानं मोठ्या अदबीनं माझ्याकडे वळून विचारलं, "भाभीजी, साहब को क्या दिखाऊँ?" त्या दिवसापासून ह्यांनी तोंडाला कुलूप घातलं. पाणी हवं असलं की पेला वाजवायचे, पंखा नको असला की वर बघायचे. बोलणं शिकवायला येणारी मुलगी मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "आंटी, शब्द वापरले नाहीत तर येतील तेही जातील. आणि तुम्ही ना, फार लवकर समझून घेता." मला राग आला. चाळीस वर्षं संसार केला, समजणार नाही तर काय. पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत मुका होऊन राहिला होता, आणि मी पेल्यात पाणी ओतून देत होते.

रॅलीचा निरोप आला तेव्हा ह्यांनी फोन बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. माझं डोकं सटकलं. म्हटलं, "गाडी मी चालवते. तुम्ही बाजूला बसून रस्ता सांगा. हाताला पुस्तक, तोंडाला काम." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी विमान चालवायची गोष्ट करून राहिली. पोरगा बंगळूरहून फोनवर हिंदीत ओरडला, "मम्मी, पागल हो क्या?" मी फोन ठेवून दिला.

चालवणाऱ्याच्या बाजूला बसणाऱ्याकडे एक पुस्तक देतात. त्यात प्रत्येक वळणाचं चित्र असतं, बाण कुठे जातो ते दाखवणारं. चित्र बघायचं आणि बोलायचं, एवढंच त्याचं काम. हातानं दाखवायची सोय नव्हती, कारण चांगल्या डाव्या हातात पुस्तक होतं आणि उजव्याचा भरवसा नव्हता. माझी नजर रस्त्यावर. म्हणजे बोलण्यावाचून गत्यंतर नाही, हा माझा हिशेब. जाणूनबुजून केलेला.

सुरुवातीला रस्ता सरळच होता. मोहाची फुलं पडायला लागली होती, जंगलभर तो गोडसर, डोक्यात चढणारा वास. मग एक फाटा आला आणि ह्यांच्या घशातून आवाज निघाला. किती महिन्यांनी ऐकला मी तो आवाज.

"दा… ये."

मी गाडी उजवीकडे घातली. आनंदाच्या भरात जरा जोरातच घातली.

वाट अरुंद होत गेली. वाळलेल्या पानांखाली रस्ता दिसेना. शेवटी एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत शिरलो, चारसहा घरं, एक हँडपंप, आणि झाडाखाली टोपल्यांत मोह वेचणाऱ्या बाया. त्यातली एक कंबर सरळ करत म्हणाली, "रद्दा इहें सिरा गे, दीदी." रस्ता इथंच संपला.

"तुम्ही दायें म्हणालात," मी ह्यांना म्हटलं.

ह्यांनी जोरजोरात मान हलवली. डाव्या गुडघ्यावर पुस्तक आपटलं. "दा… वे. दावे."

तेव्हा उजेड पडला. लकव्यापासून ह्यांच्या जिभेला शब्दाच्या सुरुवातीचा 'ड' झेपत नव्हता, त्याचा 'द' व्हायचा. म्हणायचं होतं 'डावे', माझ्या कानाला आलं हिंदीतलं 'दायें'. रायपुरात जन्म काढलेल्या माणसाचे कान असेच असतात, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. पुण्याची बाई असती तर बरोबर वळली असती.

"मग मराठीत बोलून राहिले होते का हिंदीत? आधी सांगायचं ना. लेफ्ट म्हणा, सोपं आहे."

"ले…" ह्यांनी सुरू केलं. "ले… ले…" ओठ थरथरायला लागले. बाया टोपल्या सोडून बघत होत्या. ह्यांनी पुस्तक मांडीवर टाकलं आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

मला दिसलं की पंडरीचं दुकान पुन्हा झालं, आणि या वेळी दुकानदार मीच. आता हे कुलूप कायमचं. शब्द माझ्या जिभेवर तयार होता, ह्यांच्या वतीनं बोलून टाकावं, गाडी फिरवावी, घरी जावं. मी गाडी बंद केली आणि पदराचं टोक दातांत धरून बसले. रॅलीची वेळ चालली होती, चालू दे म्हटलं.

मग ह्यांनी डावा हात छातीवर ठेवला. "माह्याकडे," म्हणाले. आणि तोच हात माझ्या खांद्याला लावला. "तुह्याकडे."

हे डावीकडे बसलेले, मी उजवीकडे स्टिअरिंगवर. ह्यांच्याकडे म्हणजे डावं, माझ्याकडे म्हणजे उजवं. दोन्हींत सुरुवातीला ड नाही, अडखळायला जागा नाही. आणि बोलीही ती, रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या घरी ह्यांची आई बोलायची ती. ऑफिसात गेल्यापासून ह्यांनी ती सोडली होती. मी चिडवायचे, साहेब झाले म्हणून. मला रडू आलं आणि मी रडले, बायांसमोरच.

मग निघालो. "तुह्याकडे." "माह्याकडे." "सीधं." पुढे पुढे तर शब्दाला शब्द जोडायला लागले. "हळू. गुरं." "माह्याकडे… मोठं झाड… मंग." एकदा तर "काहून इतकी पळवून राहिली?" असं सबंध आलं. मी गाडी हळू केली.

पोचलो तेव्हा मंडळी जेवायला बसली होती. नंबर आला, शेवटून पहिला. ह्यांचे जुने सोबती उठून आले, ह्यांच्या पाठीवर थोपटलं, आणि एकानं सवयीनं मलाच विचारलं, "भाभी, कहाँ भटक गए थे?"

मी तोंड उघडलं होतं. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"इनको…" हे म्हणाले आणि थांबले. पत्रावळीवरचे हात थांबले. "इनको… दायाँ-बायाँ… समझता नहीं. मैं बोला… बायें. साफ… बोला. इन्होंने… उधर घुमा दी."

सगळे हसले. हेही हसले, आणि पुढे सांगतच राहिले, हँडपंप, बाया, मोह, एकेक शब्द ओढून काढत. कोणी मध्ये बोललं नाही, वरण गार झालं तरी.

माझ्यावर खोटा आळ आला आणि मी ऐकून घेतला, असं माहेरी कोणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही. मी मान खाली घालून बसले होते आणि मनात एकच मागत होते, अजून थोडं खोटं बोला, इतक्यात संपवू नका.