पुराच्या वर्षीची कनकी

वैनगंगेचं पाणी आमच्या गावात शिरलं तेव्हा पवनीच्या एका घरी माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती. धानाची रोपं लावून झाली होती, रोवणे नुकतेच आटोपले होते. सकाळी नदी बांधाला टेकलेली होती, दुपारी ती आमच्या आंगणात आली आणि दिवस मावळायच्या आत मातीच्या भिंती एकेक करून बसायला लागल्या. भिंत पडताना फार आवाज होत नाही. ती आधी ओली होते, मग वाकते आणि मग मांडी घालून बसल्यासारखी खाली येते. आमची कोठी, त्यातले बियाण्याचे धान, आईची भांडी, सगळं त्याच चिखलात गेलं.

डोंग्यांनी आणि बैलगाड्यांनी सरकारनं आम्हाला कोंढ्याच्या वाटेवरच्या एका उंच गावात नेलं. तिथल्या शाळेत सारं गाव राहिलं. वर्गांमध्ये लुगडी बांधून आडोसे केले होते. एका फळ्यावर पूर येण्याच्या आदल्या दिवशीचं गणित तसंच लिहिलेलं होतं, ते कुणी पुसलं नाही.

बाकीच्या लोकांपेक्षा आमचं बरं होतं असं सगळे म्हणत. कारण त्याच गावात माझी आत्या दिली होती. आजा-आजी लवकर गेले, तेव्हा बाबांनीच या धाकट्या बहिणीला वाढवलं होतं. तिला खांद्यावर बसवून ते पवनीच्या बाजाराला न्यायचे, हे ते आम्हाला कितीदा तरी सांगत. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामाजी म्हणायचो, ते गावातलं कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, दुकान चालवत. त्यांच्याकडे पक्क्या बांधणीचं गोदाम होतं, म्हणून पूरग्रस्तांसाठी तहसिलीतून येणारं धान्य त्यांच्याच गोदामात उतरायचं आणि तिथून शाळेत यायचं.

पटवाऱ्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवलं होतं की सरकार तांदूळ देईल आणि तुरीची डाळ देईल, कोणी उपाशी राहणार नाही. पहिले काही दिवस तसंच झालं. शाळेच्या मागे विटांच्या चुली मांडल्या, आम्ही पोरी-बाया मिळून रांधायचो. मग तांदळाच्या जागी कनकी यायला लागली. धान कांडताना तांदळाची जी चुरी पडते ती कनकी. आमच्या घरी ती कोंबड्यांना टाकायचे, फार ओढाताणीच्या दिवसांत घाटा करून माणसं खायची. ही कनकी तर बुरसटलेली होती, धुतली की पाणी हिरवट निघायचं. तुरीच्या डाळीच्या जागी लाखोळीची हलकी, स्वस्त डाळ आली. लाखोळी आम्ही पिढ्यान् पिढ्या खात आलो होतो, म्हणून त्यावर कुणी तोंड उघडलं नाही. पुरातून आलेल्या माणसानं तक्रार करायची नसते, असं काहीतरी सगळ्यांनी मनात धरलं होतं.

लहान पोरांना हगवण लागली. आमच्या शेजारची म्हातारी, जिनं सुईणपण करून माझ्यासकट अर्धं गाव जन्माला घातलं होतं, तीही अंथरुणाला लागली. तिच्यासाठी दोन मुठी चांगला तांदूळ मिळतो का बघ, म्हणून आईनं मला आत्याकडे पाठवलं.

आत्यानं मला बघून जवळ घेतलं. केस विंचरून दिले, तेल लावलं. म्हणाली, जेवूनच जा. मी हातपाय धुवायला मागच्या बाजूला गेले. गोदामाचं मागलं दार उघडं होतं. आत मामाजी उभे होते आणि दोन गडी सरकारी शिक्क्याची पोती मोकळी करत होते. पांढराशुभ्र तांदूळ ढिगानं पडला होता. तो ते साध्या पोत्यांत भरत होते आणि सरकारी पोत्यांत दुसऱ्या ढिगातली कनकी भरून सुतळीनं तोंडं शिवत होते. त्या कनकीचा वास मला ओळखू आला. रोज सकाळी तोच वास माझ्या हाताला यायचा.

मामाजींनी मला पाहिलं. ते रागावले नाहीत, लाजलेही नाहीत. गड्याला म्हणाले, पोरीले तांदूळ बांधून दे. मी तो न घेताच निघाले. आत्या दारापर्यंत मागे आली, जेवून जा म्हणत राहिली.

मी सगळं बाबांना सांगितलं. शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली ते बसले होते. ऐकताना ते जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते. आमच्या गावात बाबांच्या शब्दाला मान होता. बांधाचं भांडण असो की तळ्याच्या पाण्याची पाळी, लोक त्यांना बोलवायचे. ते सातवी शिकलेले होते आणि साहेब लोकांपुढे त्यांची जीभ अडखळत नसे. ते मला म्हणाले, "तू कोनापाशी बोलू नको. तहसिलीचा साहेब येऊन राहिला पाहणीले. सगळ्यांसमोर मी बोलतो."

मला केवढं बरं वाटलं होतं. स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याविरुद्ध बोलायला निघालेला माझा बाप मला त्या दिवशी सगळ्यांहून उंच वाटला. त्यांनी गावातल्या मोठ्या माणसांनाही सांगितलं की धान्याचं मी साहेबांच्या कानावर घालतो, बाकीच्यांनी गप राहा, एकानं बोललेलं बरं. लोकांनी त्यांच्यावर सोपवलं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी आत्या शाळेत आली. ती आणि बाबा बराच वेळ विहिरीकडे उभे होते. ती पदरानं डोळे पुसत होती. मग ती वाकून त्यांच्या पाया पडली. आई माझ्या शेजारी चुलीत लाकूड सारत होती. तिनंही ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपमधून आले. सोबत पटवारी, कोतवाल आणि मामाजी होते. साहेब तरुण होते, बोलायला सौम्य. त्यांना खुर्ची दिली, आम्ही सगळे वऱ्हांड्यात आणि खाली आवारात बसलो. शाळेत ठेवलेली पोती त्यांनी उघडून दाखवायला सांगितली. उघडली तर आत चांगला तांदूळ. तो त्या सकाळीच आला होता, आम्ही एकही वेळ शिजवला नव्हता. साहेबांनी मूठभर हातात घेतला, परत टाकला आणि विचारलं, धान्याबद्दल कुणाची काही तक्रार आहे का?

सगळ्या गावानं बाबांकडे पाहिलं. बाबा उठले. टोपी नीट केली.

"नाही साहेब," ते म्हणाले. "बराबर भेटते. चांगला तांदूळ भेटते. सरकारनं आमाले उपाशी नाही ठेवलं."

मला वाटलं, ते पुढे अजून काही बोलतील. आधी आभार मानून मग मुद्द्यावर येतील. पण ते खाली बसले. साहेब पटवाऱ्याशी बोलायला वळले. तेव्हा मी उभी राहिले. मी कधी मोठ्या माणसांत बोलले नव्हते, पण शब्द आले. मी म्हटलं, हा तांदूळ आज आला साहेब, रोज आम्हाला कनकी मिळते, गोदामात पोती बदलली जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

साहेबांनी विचारलं, ही कुणाची मुलगी? कोतवालानं बाबांकडे बोट केलं. साहेब बाबांना म्हणाले, तुमची मुलगी म्हणते ते खरं आहे का?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "लहान आहे साहेब. पुराची दहशत बसली तिच्या मनात. कायच्या काय बोलते. तिच्या बोलन्यावर जाऊ नका."

पलीकडे भिंतीला टेकून बसलेली आजारी म्हातारी म्हणाली, "पोरगी खोटं नाही बोलत." पण तिचा आवाज इतका बारीक होता की साहेबांपर्यंत पोचला की नाही कोण जाणे. बाकी कुणी तोंड उघडलं नाही. ज्याच्यावर सोपवलं तोच असं बोलल्यावर त्यांनी तरी कशाच्या जोरावर उठायचं. उद्या पुन्हा त्याच गोदामातून खायचं होतं. साहेबांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि ते जीपकडे गेले. जाताना मामाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. घाबरू नको बेटा, म्हणाले.

त्या संध्याकाळपासून परत कनकीच आली.

दोन-चार दिवसांत बाबा म्हणाले की आत्यानं त्यांच्या घराची पडवी रिकामी केली आहे, आपण तिकडे जाऊ, इथं रोगराई आहे. आईनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तुमी जा," ती म्हणाली. "मी अन् पोरगी गावासंगच राहतो."

बाबांनी समजावलं, चिडले, शेवटी माझ्या धाकट्या भावाला घेऊन गेले. आई आणि मी शाळेतच राहिलो. लोक आम्हाला काही बोलले नाहीत, पण आमच्या चुलीशी बसणंही कमी झालं. ज्या घराविरुद्ध मी उभी राहून बोलले होते त्याच घरची मी होते. म्हातारी त्याच आठवड्यात गेली. कनकीनंच गेली असं मी म्हणणार नाही, तिचं वय झालं होतं, आणि डॉक्टर आलाच नाही. आई तिच्या अंगाला पाणी घालायला बसली होती आणि मी चुलीवर पाणी तापवत होते.

पाणी ओसरल्यावर नवं गाव उंचावर वसलं. बाबांना बांधाच्या भांडणासाठी कुणी बोलवेनासं झालं. आणि माझी सुरू असलेली बोलणी मोडली. पवनीच्या त्या लोकांच्या कानावर गेलं होतं की पोरीचं डोकं पुरात फिरलं, साहेबासमोर कायच्या काय बोलते. हे माझ्या बापाचेच शब्द होते. आवारातून निघून ते माझ्या आधी पवनीला पोचले होते.

माझं लग्न पुढे काही वर्षांनी वरठीला झालं. माणूस रेल्वेत होता, साधा, कमी बोलणारा. लग्नात आत्या भरजरी लुगडं घेऊन आली होती. मी ते घेतलं, कारण आईनं डोळ्यांनी खुणावलं, आणि कधी नेसले नाही.

पुढे म्हातारपणी बाबा अधूनमधून माझ्याकडे यायचे. मी वाढायचे, विचारपूस करायचे, पण पोटातलं बोलत नसे. एकदा जेवता जेवता त्यांनीच विचारलं, "तू माह्यासंग मोकळी काहून बोलत नाही?"

मी सांगितलं, काहून ते. इतकी वर्षं मनात शंभरदा म्हटलेलं होतं, त्यामुळे अडखळले नाही. त्यांनी घास खाली ठेवला.

"मी खरं बोललो असतो तर तुह्या आत्याचं घर उघड्यावर आलं असतं," ते म्हणाले. "नवरा जेलात, चार लेकरं. मी तिले माह्या हातानं वाढवलं."

"अन् माहं नाव, बाबा?"

ते खरंच विचार करत होते असं मला दिसलं. त्यांना उत्तर टाळायचं नव्हतं.

"पोरीचं नाव काय," ते म्हणाले, "लग्न झालं की बदलतेच."

आणि ते पुन्हा जेवायला लागले. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता, हेच मला सहन झालं नाही. त्यांनी त्या दिवशी वऱ्हांड्यात दोन मुली तोलल्या होत्या, एक त्यांनी वाढवलेली आणि एक त्यांच्या पोटची, आणि त्यांना त्यात आजही काही चूक वाटत नव्हती.

दुपारच्या गाडीनं ते परत निघाले. एरवी मी त्यांना स्टेशनापर्यंत सोडायला जायचे. त्या दिवशी घरातूनच नमस्कार केला. फाटकापाशी ते जरा थांबले, मी चप्पल घालते का बघत, आणि मग एकटेच चालू लागले.