मडावी आमच्यातलाच

तारीख सात सप्टेंबर १९५९. रक्कम – महिना सत्तावीस रुपये शिष्यवृत्ती. हजर चौघे: चौकशीला आलेले कारकून, गोंदियातल्या आमच्या खाणावळीचे महाराज, रामसाय मडावी आणि मी. त्या दुपारी काय झालं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

रामसाय माझ्याच गावचा, केशोरीचा. गोंड. त्यांच्यातून कॉलेजात पोचलेला गावातला पहिला. मी पोवार, तिकडची शेतकरी जात. दोघांची खोली एक, खाणावळ एक. पहिल्या दिवशी महाराजांनी हळूच विचारलं, "ये कौन जात?" रामसाय बाहेर हात धूत होता. मी म्हणालो, "हमारे में का है."

मैत्रीपोटी? बरीच वर्षं मी तशीच समजूत करून घेतली. पण खरं सांगू? त्याच्यासोबत माझंही ताट वेगळं पडलं असतं – ती भीती.

त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शेजारी बसून भात मागून घ्यायचा, वर मलाच 'खादाड पोवार' म्हणायचा.

शिष्यवृत्ती त्याला गोंड म्हणून मिळायची होती. जातीच्या दाखल्यात आडनाव चुकलं होतं, म्हणून कारकून साक्ष घ्यायला आले. गाववाला म्हणून मला विचारलं – हा गोंडच ना? महाराज वरणाचं भांडं घेऊन तिथंच उभे. एक 'हो' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "नाही. पोवार."

"काऊन गा, मी पोवार कवा झालो?" रामसाय हसला. त्याला थट्टा वाटली. मी भात कालवत राहिलो. मग तोच कारकुनांना म्हणाला, "मी गोंडच आहो, साहेब."

कारकुनांनी लिहिलं – साक्ष जुळत नाही. महाराजांनी त्याचं ताट उचलून दाराबाहेर ठेवलं. तो जेवला नाही.

शिष्यवृत्ती अडली. भंडाऱ्याच्या जिल्हा कचेरीत जाऊन मी साक्ष बदलू शकलो असतो. कोणी अडवलं होतं? दसऱ्याआधी त्यानं कॉलेज सोडलं. नवेगावकडे जंगलकामाला लागला. मी शिकलो. उरलेली वर्षं त्या खोलीत एकटाच राहिलो – दुसरा सोबती घ्यायचं धाडस झालं नाही. आजही पंगतीत मी टोकाची जागा धरतो, शेजार नको म्हणून.

त्याची खाणावळीतली अनामत, आठ रुपये, महाराजांनी माझ्याजवळ दिली. मी मनिऑर्डर केली. त्यानं घेतली नाही, परत आली. नवेगाव आमच्या केशोरीपासून काही दूर नव्हतं, तरी हातात नेऊन दिले नाहीत. पुढच्या महिन्यात ते आठ रुपये मी माझ्या जेवणापोटी महाराजांना दिले.