खळ्यात फिरलेलं लढाईचं विमान

माझ्या पिठाच्या गिरणीचं इंजिन एकदा आकाशात जाऊन आलेलं आहे. हे ऐकून जे हसले त्यांचं दळण मी पुढं जन्मभर जाडंभरडं दिलं. तेव्हा आधी नीट ऐका, मग काय हसायचं ते हसा.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. एक दुपंखी विमान वाट चुकून आमच्या काष्टीच्या शिवारात उतरलं आणि बांधाला नाक टेकून बसलं. एकावर एक दोन पंख, एकामागं एक दोन बसायच्या जागा, आणि बाकी सगळं लाकूड, तारा आणि पिवळं कापड. आतला पोरगा शिकाऊ होता. त्यानं उतरल्यावर आधी पाणी मागितलं आणि मग पुणं कुठं आहे ते विचारलं. पुढं नगरहून लष्कराचा ट्रक आला, विमानाचं इंजिन आणि काचेची घड्याळं काढून घेऊन गेला. "बाकीचं नंतर नेऊ," म्हणाले. ते नंतर कधी उगवलंच नाही.

कापड कंट्रोलवर मिळायचं ते दिवस. बघता बघता पंखांवरचं कापड नाहीसं झालं आणि निम्म्या गावाच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या आल्या. त्या साली वारा सुटला की आमच्याकडची माणसं टोपी धरायची नाहीत, झाड धरायची.

विमान ज्यांच्या वावरात पडलं होतं त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबांना त्या सांगाड्याचा काडीचा उपयोग नव्हता. तो त्यांच्या खळ्याला खेटून पडला होता आणि बैल त्याला बघून बुजायचे. लढाई संपल्यावर आमच्या गावचा फिटर परत आला नसता, तर त्याचं केव्हाच सरपण झालं असतं.

हा फिटर लढाईभर कुठल्याशा विमानतळावर असलीच विमानं दुरुस्त करत होता. गावात आल्या आल्या घरी आईला भेटायच्या आधी तो आबांच्या वावरात गेला आणि त्या सांगाड्याची एकेक तार बोटानं वाजवून बघू लागला. तार कमी ताणलेली असली की आवाज बदलतो म्हणे. नंतर माझ्या गिरणीत येऊन बसला.

"मी लई विमानं वर धाडली," तो म्हणाला, "पन मला कुनी एकदाबी वर न्हेलं न्हाई. हे मी उडवनार."

आबांना हे कळलं तेव्हा ते विळा घेऊनच आले. "फिटर, माझं खळं उरकायच्या आत ते सुरू झालं तर ऱ्हाऊ दे जित्तं. न्हाईतर तारंचं कुंपान अन् लाकडाच्या ढलप्या. मग माझ्याम्होरं रडायचं न्हाई."

आता विमानाला इंजिन पाहिजे, आणि गावात इंजिन एकच, माझ्या गिरणीचं. मी मनानं मोठा माणूस. शिवाय फिटर सलग आठवडाभर माझ्या उंबऱ्यावर बसून होता आणि गिऱ्हाइकाला आत येता येत नव्हतं. शेवटी इंजिन बैलगाडीत घातलं. ते इतकं जड होतं की गाडी गेली त्या वाटेवर पुढं पावसाळ्यात ओढा वाहू लागला. मागच्या जागेत इंजिन बसवलं, गिरणीचा पट्टा नाकावर तसाच राहिलेल्या पंख्यापर्यंत नेला. शेपटी जमिनीत रुतायला लागली, म्हणून नाकाला दोन धोंडे बांधले.

पंखांना कापड म्हणून बाजारातली जुनी धोतरं आणली. फिटर म्हणाला, कापड ताठ व्हायला लष्करात एक वासाचं औषध लावतात. आमच्याकडं औषध नव्हतं, पीठ होतं. ज्वारीच्या पिठाची घट्ट कांजी करून दोन्ही बाजूंनी फासली. उन्हात वाळल्यावर पंख ढोलासारखे वाजू लागले. फिटर जेवायला घरी गेला तेवढ्यात आबांच्या शेळीनं डाव्या पंखाचं टोक खाल्लं. कांजीनं ती आतून अशी ताठ झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत तिला खाली बसता येईना, असं आबाच सांगायचे. विमान तेव्हापासून डावीकडं जरा तोकडं राहिलं.

इकडं गावात पीठ मिळेना. बायका घरोघर जात्यावर बसल्या आणि जात्यावर माझ्या नावानं जे काही म्हटलं जायचं ते ऐकून मी गल्लीतून जायचं सोडलं.

अशात आबांची मळणी झाली. बैल हिंडवून कणसं तुडवली, दाणे आणि भुसा यांचा एकत्र ढीग पडला. आता उफणणी राहिली, म्हणजे तिवईवर उभं राहून पाटीतला माल वरून सोडायचा. वारा भुसा उडवून नेतो आणि दाणे खाली पडतात. पण वाराच पडला. असा पडला की पिंपळाचं पानसुद्धा हलेना. त्यात पश्चिमेकडून ढग चढले. भिजली असती तर सगळी रास काळी पडली असती. आबा तोंडानं फुंकर मारून बघत होते.

मी फिटरला कोपरापासून हात जोडून म्हणालो, "अरे, एवढा मोठा पंखा तुझ्यापाशी आहे. लाव ना इकडं!"

फिटर लालभडक झाला. "हे लढाईचं विमान हाय! उफननीचं न्हाई!"

तिवईवर पाटी घेऊन आबांची कारभारीण उभी होती. ती म्हणाली, "व्हय रे बाबा. मग ज्वारी कुजल्यावर तुझ्या लढाईच्या इमानात बसून आमी काय खायाचं? उरलेला पंख?"

फिटरनं ढगाकडं बघितलं. मग म्हणाला, "बरं. पन ह्याला उफननी म्हनायचं न्हाई, उड्डान म्हनायचं. अन् मी पुढं बसनार. अन् आबा, तुमी मला सलाम ठोकायचा."

आबांनी पिवळी टोपी काढून सलाम ठोकला. ढग आणखी जवळ आला होता.

विमान पुढं पळू नये म्हणून बांधायला हवं होतं. आबांनी बैलाचं दावं आणलं आणि विमान खळ्याच्या मधल्या खांबाला, म्हणजे मेढीला, बांधलं.

"पक्कं हाय का?" फिटरनं विचारलं.

"आरं, चार बैल वढत्यात तरी मेढ हालत न्हाई!"

खरंच हलत नाही. पण चार बैल तिला बांधले की काय करतात, हे जन्म खळ्यात गेलेल्या आम्हा माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी मागं इंजिनापाशी बसलो, चाक फिरवलं. पुकपुक झाली, पट्टा फिरला आणि पंख्यानं असा वारा घातला की कारभारणीच्या पाटीतला भुसा थेट पारनेरच्या दिशेनं गेला. दाणे टपटप खाली. गावानं आरोळी ठोकली. फिटरनं पुढून अंगठा दाखवला. आणि विमान चालू लागलं.

ते मेढीभोवती गोल फिरायला लागलं. पहिला फेरा, दुसरा फेरा. आबा सवयीनं हातात चाबूक घेऊन मागं धावत होते, "व्हो, व्हो! डाव्या अंगाला! आरं, गुमान चल की!" कारभारीण मात्र खरी शहाणी. विमान तिच्यापुढून गेलं की ती पाटी सोडायची, पुढच्या फेऱ्याला दुसरी भरून तयार. मी ओरडत होतो, "बंद करू का?" आणि फिटर ओरडत होता, "बंद करू नको!" भुशानं आमची तोंडं दिसेनात. शेळी झाडावर चढली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मग फिटरनं विमानाचं नाक वर उचलायचा दांडा छातीशी ओढला. चाकांचा खडखडाट थांबला. एक श्वास घेऊन सोडावा इतका वेळ. पुन्हा धाडकन आदळलो, तेल संपलं, पंखा थांबला.

रास स्वच्छ झाली होती. पण ज्वारीकडं कुणी बघेना.

"उडलं!" फिटर खाली उतरत म्हणाला. त्याच्या भुवयांवर भुसा होता आणि त्यातून पाणी गळत होतं.

"उडलं कसलं, उड्या मारल्या," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

आबांनी चाबूक टाकला. ते वाकून चाकाची रेघ बघत बघत खळ्याभोवती फिरले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर रेघ स्पष्ट उमटली होती. एका ठिकाणी ती तुटली होती, आणि दोन हातांवर पुन्हा सुरू झाली होती. तिथं आधी गोणपाट पसरलेलं होतं, असं काही नतद्रष्ट अजून म्हणतात. असेलही. आबांनी त्या दोन हातांच्या जागेवर पाटी पालथी घातली आणि उठून म्हणाले, "हितं कुनी पाय द्यायचा न्हाई."

तेवढ्यात पाऊस आला. आबांनी धावत जाऊन घरातलं एकुलतं एक ताडपत्रीचं पांघरूण आणलं. रास अजून झाकायची होती, कारभारीण हाका मारत होती, तरी आधी त्यांनी त्याचं एक टोक विमानाच्या नाकावर ओढलं.

"कुंपान?" फिटरनं हळूच विचारलं.

"बाभळीचं करीन," आबा म्हणाले. "आता ते दुसरं टोक धर. अन् हरभऱ्याच्या उड्डानाला येरवाळी, दिस उगवायच्या आत ये."