टोरंटो ते नानाखेडा

उज्जैनला नानाखेड्याच्या घरी कुणीही आलं, की पाण्याचा ग्लास हातात पडायच्या आधीच बाबा सांगायचे, "टोरंटो ते दिल्ली साडेअकरा हजार किलोमीटर. चौदा तास. पण ते फक्त हवेतले हं! घर से घर तक पकडो, पूरे चौबीस." दूधवाल्यालाही ते पाठ झालं होतं. धाकटा भाऊ अभय टोरंटोला गेला आणि रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या बाबांनी विमानांचं वेळापत्रक हाती घेतलं. मी फ्रीगंजात राहते, स्कूटरवर बारा मिनिटं. ते अंतर त्यांनी कुणाला सांगितलेलं मला आठवत नाही.

माणूस प्रेमळ होता, हेही सांगायला हवं. लहानपणी मांडीवर बसवून ते माझ्याकडून उज्जैन ते भोपाळ सगळी स्टेशनं म्हणून घेत. एखादं चुकलं की गार्डाची शिट्टी वाजवत आणि आम्ही दोघं हसत सुटायचो.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी आई गेली. अभयचा फोन आला, रात्री दहाचं विमान मिळालंय. बाबांनी कागद ओढला. "दहा और चौदह, कल दोपहर बारह. शाम को पाच पर्यंत घरी. अग्नी अभयच देणार."

मी म्हटलं, "बाबा, तिकडचे रात्रीचे दहा म्हणजे आपले उद्या सकाळचे साडेआठ. तो परवा पोचेल."

"तू मला टायमिंग शिकवणार? अडतीस साल गाडी चलाई है. पूर्ण हिंदुस्थानात घड्याळ एकच असतं!"

बुधवारी पाच वाजता तिरडी बांधून तयार होती. माणसं अंगणात ताटकळत उभी होती. अभय अजून आकाशातच होता. आईखालच्या बर्फाचं पाणी ओसरीपर्यंत आलं होतं आणि मी ते फडक्याने पुसत होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मी देते अग्नी. मी आहे ना इथे!"

बाबा शांतपणे म्हणाले, "तू तो घर की ही है. वाट लांबच्याची बघायची असते." आणि आणखी बर्फ मागवला. आई गुरुवारपर्यंत तशीच राहिली. अभयवर माझा राग नाही, तो बिचारा धावत आला. बाबांवरचा संताप मात्र आजही तितकाच आहे.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. अभय फोनवर रडत म्हणाला, "ताई, थांब, मी निघतोय."

"किती वाजताचं विमान?" मी विचारलं. त्याने वेळ सांगितली. मी त्यात साडेदहा तास मिळवले आणि म्हटलं, "तू ये. पण मी थांबणार नाही."

सूर्य मावळायच्या आत क्षिप्रेकाठी मी त्यांना अग्नी दिला. चितेकडे बघून मी मोठ्याने म्हणाले, "फ्रीगंज ते नानाखेडा, बारा मिनिटं. घर से घर तक, बाबा."